दांड्यावर चढलेला गम

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत कागदी गमटेप बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिथे मी रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. आज हे मी हसत सांगतो, पण तेव्हा ते माझं प्रामाणिक मत होतं. मुंबईतून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतलेली, द्रव पदार्थ कसे वाहतात हा माझा आवडता विषय, आणि बगलेत त्या विषयावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पेणला मी खोली घेतली होती, म्हणजे शनिवारी मुंबईला घरी पळणं सोपं. पेणहून रोह्याला जाताना एसटीत मी ते पुस्तक मांडीवर ठेवायचो, नाव वरच्या बाजूला येईल असं. गडबला चढणाऱ्या बायका त्याच्यावर भाजीची टोपली टेकवायच्या आणि नागोठण्याला उतरताना मला ‘बरं झालं बाबा’ म्हणायच्या. पुस्तकाचा पहिल्या काही महिन्यांत एवढाच उपयोग झाला, असं म्हटलं तरी चालेल.

कंपनीत माणसं चाळीसएक. सगळा जीव एका मशीनवर. खाली ट्रेमध्ये पातळ गम, त्यात बुडालेला एक रोलर, त्याच्यावर टेकत आलेला दुसरा रोलर, आणि दोघांच्या मधल्या फटीतून गमाचा पातळ थर उचलून कागदावर लावला जायचा. मग कागद गरम हवेच्या बोगद्यातून वाळून पुढे गुंडाळला जायचा. या मशीनवर खांब गावचे एक गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, चार महिने भातशेती आणि वालाचं पीक सांभाळून बाराही महिने शिफ्टला वेळेवर येणारे. कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणत. मी त्यांना काय म्हणावं याचा पहिल्या दिवशी मी बराच विचार केला. मामा म्हटलं तर अधिकार जाईल, नावाने हाक मारावी तर वयाने मोठे. शेवटी पहिले तीन महिने मी त्यांना काहीच म्हटलं नाही. ‘अहो, जरा’ एवढ्यावर भागवलं.

रुजू झाल्यावर काहीतरी सुधारून दाखवायचं माझ्या मनात होतं. कशात सुधारणा करायची ते मात्र ठरलेलं नव्हतं. ती मला गमाच्या खोलीत सापडली.

तिथे एका मोठ्या टाकीत पाणी, स्टार्च आणि एक पांढरी पावडर घालून मोटारीच्या दांड्याने गम ढवळला जायचा. सकाळी सहाला मामा मोटार चालू करत, ती दहा वाजता बंद होई. चार तास. मी घड्याळ लावून पाहिलं, तर चाळीस मिनिटांतच गम एकजीव, गुळगुळीत, कुठे गुठळी नाही. मग पुढचे तीन तास वीस मिनिटं ही मोटार कशासाठी चालते? मी मामांना विचारलं.

“पयल्यापासून तसंच हाय, साहेब,” मामा म्हणाले.

हे उत्तर ऐकून मला जो आनंद झाला तो लपवायला मला कष्ट पडले. ‘पहिल्यापासून तसंच आहे’ हे वाक्य म्हणजे आमच्या कॉलेजात अज्ञानाची व्याख्या होती. मी दुसऱ्या दिवसापासून चाळीस मिनिटांवर मोटार बंद करायचा हुकूम दिला आणि वहीत ‘वेळेची बचत’ असा मथळा घालून दोनदा अधोरेखित केला.

त्या दिवशी मोटार बंद करताना मामा टाकीत बघत म्हणाले, “साहेब, अजून चढतोय तो.”

मीही बघितलं. टाकीच्या मधोमध गम दांड्याला धरून चांगला वीतभर वर चढला होता, वारुळासारखा. खरं तर पाणी ढवळलं की मध्ये खड्डा पडतो. इथे उलट उंचवटा. मी वहीत लिहिलं: ‘मोटारीचा दांडा वाकडा असावा.’ फिटरला बोलावून दांडा तपासून घेतला. दांडा सरळ होता. मग मी लिहिलं: ‘फिटरला नीट तपासता येत नाही.’

दोन दिवसांनी मामांनी पुन्हा तेच सांगितलं. मी म्हणालो, “चढू दे हो. उतरेल आपोआप.” त्यानंतर त्यांनी सांगितलं नाही.

मोठ्या साठवणीच्या टाकीत जुना घोटलेला गम बराच शिल्लक होता. त्यात नवा मिसळत गेला, त्यामुळे पहिला आठवडाभर काहीच झालं नाही आणि माझ्या सुधारणेचं कंपनीच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, कौतुकही केलं. दुसऱ्या आठवड्यात टेपवर रेषा दिसायला लागल्या. गमाच्या थरावर, कागदाच्या लांबीत, एकसारख्या अंतराने, कंगव्याने ओढाव्यात तशा. वाळल्यावर जिथे उंचवटा तिथे गम जाड आणि मधल्या खाचेत नावालाच. मसाल्याच्या पुड्या खोक्यांत भरून पाठवणारं आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं. त्यांची खोकी वाटेतच उघडायला लागली.

मशीन हळू चालवलं की रेषा जात. म्हणून मामा हळू चालवत. पण हळू चालवलं की माल वेळेवर निघत नसे, आणि शेठ मुंबईहून दर शुक्रवारी येऊन हेच विचारत. शेवटी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “इंजिनीअर, तू यासाठीच आहेस ना?”

मी तर याचीच वाट बघत बसलो होतो. कारण ही रेषांची गोष्ट मला माहीत होती. पुस्तकात तिचं पूर्ण प्रकरण होतं. दोन रोलरांच्या फटीतून द्रव बाहेर पडतो तिथे द्रव आणि हवा यांची एक सीमा असते. ती सरळ राहावी म्हणून द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण तिला खेचून धरतो, आणि द्रवाचा दाटपणा, रोलरचा वेग ती मोडायला बघतात. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सीमा हार खाते आणि सरळ राहण्याऐवजी बोटं काढते. त्याच या रेषा. म्हणजे उपाय सोपा: दाटपणा कमी करा. मी गमात पाणी घालायला लावलं. रेषा थोड्या कमी झाल्या, पण एवढं पाणी वाळवणं बोगद्याला जमेना. ओली टेप गुंडाळली गेली आणि सकाळी प्रत्येक गुंडाळीचा एकेक घट्ट लाडू झाला होता. मामांनी त्यातला एक माझ्या टेबलावर ठेवला आणि मशीनकडे निघून गेले. कागद दाबून ठेवायला मी तो लाडू पुढे कित्येक वर्षं वापरला.

मग मला दुसरी कल्पना सुचली. ती पहिलीपेक्षा जास्त हुशारीची होती, म्हणून जास्त घातक ठरली. कॉलेजात ऐकलं होतं की नळातून जोरात खळाळत जाणाऱ्या पाण्यात लांब साखळ्यांच्या रेणूंची चिमूटभर पावडर टाकली तर पाणी शांत होतं आणि सुळकन पुढे जातं. आमच्या गमातली ती पांढरी पावडर तसलीच होती. मी निष्कर्ष काढला की आणखी घातली तर गमही शांत होईल. जे औषध नळातल्या खळाळत्या पाण्याला लागू पडतं ते रोलरवरच्या पातळ थरालाही लागू पडेल, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तेवढं मी माझ्या पदरचं घातलं.

चाचणी शुक्रवारी, शेठच्या समोर करायचं ठरलं. मीच तसं सुचवलं. शेठ मसालेवाल्या गिऱ्हाइकालाही घेऊन आले. दोघं मशीनपासून चार हातांवर उभे राहिले आणि मी बोलायला सुरुवात केली. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण ‘विज्ञान आणि अंदाज यांत फरक असतो’ हे वाक्य त्यात होतं. ते बोलताना मी मामांकडे पाहिलं होतं, हेही आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

“हळू चालू करू का, साहेब?” मामांनी विचारलं.

“नाही. थेट पूर्ण वेगाने.”

मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा शेठकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

रेषा आल्याच नाहीत, कारण रेषा म्हणण्याची वेळच राहिली नाही. पहिल्या दोन सेकंदांत फटीतून बोटासारख्या जाड वेण्या बाहेर आल्या. मग त्या वेण्या दोन्ही रोलरांच्या मध्ये ताणल्या जाऊन त्यांच्या तारा झाल्या, आणि त्या तारा तुटून हवेत उडायला लागल्या. जत्रेत साखरेचे म्हातारीचे केस करतात, त्या मशीनवरचं झाकण काढल्यासारखं दिसत होतं. पांढऱ्या लांबच लांब तारा तरंगत शेठच्या सफारीवर, केसांवर बसल्या. गिऱ्हाइकाने चष्मा पुसायला रुमाल काढला. पुसल्यावर चष्म्याला रुमाल चिकटला.

मामांनी लाल बटण दाबून मशीन बंद केलं.

“हे काय आहे?” शेठनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

मी म्हणालो, “हा प्रयोगाचाच एक भाग आहे.”

हे वाक्य पुढे कंपनीत म्हणीसारखं रूढ झालं. कँटीनमध्ये चहा सांडला तरी कोणीतरी गंभीरपणे म्हणायचं, हा प्रयोगाचाच भाग हाय. शेठनी त्या दिवशी मला एवढंच सांगितलं, की मामा मशीन हळू चालवतील आणि महिनाभर मी मशीनला हात लावायचा नाही. नोकरीवरून काढलं नाही, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं.

पेणला माझी खोली एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर होती. खाली घरमालकीण काकूंचा संसार आणि कारखाना एकत्रच. काकू माहेरच्या खाडीकाठच्या, मिठागरावर काम करणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन मूर्तिकारांच्या घरात आल्या आणि डोळ्यांच्या आखणीत इतक्या तयार झाल्या की शेजारच्या कारखान्यांतूनही त्यांना बोलावणं यायचं. मला त्या ‘इंजिनेर’ म्हणत, आणि त्या शब्दात आदर नेमका किती हे मला कधी उलगडलं नाही.

मशीनला हात लावायचा नाही म्हटल्यावर मी घरी प्रयोग करायचं ठरवलं. बाजारातून दोन लाटणी आणली. फोटोची एक जुनी काच घेतली. काचेवर गमाचा थर द्यायचा आणि त्यावरून लाटणं फिरवायचं. लाटणं पुढे जाताना त्याच्या मागे द्रव काच आणि लाकूड यांच्यामध्ये फाटतो, तिथे रेषा उमटतात. म्हणजे गरिबाघरचं मशीनच. संध्याकाळी कामावरून आलो की मी खिडकीशी बसून लाटायचो. समोरच्या घरातून हे दिसत असावं, कारण तिसऱ्या दिवशी तिथल्या एक बाई काकूंकडे चार तांदळाच्या भाकऱ्या देऊन गेल्या.

“बाईला वाटतं तुला पोळ्या जमत नाय,” काकू वर येऊन म्हणाल्या. “मी बोलले, जमत नाय हे खरं हाय गो, पण तो कणीकच घेत नाय. हाय काय हे?”

मी त्यांना सगळं सांगितलं. सीमा, ताण, दाटपणा, वेग. वीस मिनिटं तरी बोललो असेन. काकूंनी दारात बसून ऐकलं. मग वाटीतल्या गमात बोट बुडवलं, अंगठ्याला टेकवलं आणि हळूच लांब केलं. दोन बोटांच्या मध्ये वीतभर बारीक तार आली, तुटली आणि मागे आखडली.

“याला तार हाय,” काकू म्हणाल्या.

“दाट आहे म्हणून,” मी म्हणालो.

“दाट येगळं, तार येगळी. चल खाली.”

खाली त्यांनी मला दोन भांडी दाखवली. एकात खडूची पूड घालून केलेला पांढरा रंग, चांगला जाड, काठी उभी राहील असा. काठी वर काढली की तो थबकन पडे, तार म्हणून नाही. दुसऱ्या भांड्यात नुसतं डिंकाचं पाणी, पातळ, पण काठी उचलली की मागे लांब तार लोंबे. आखणीच्या काळ्या रंगात अशी तार राहिली तर काय होतं तेही त्यांनी एका तुटक्या मूर्तीच्या पाठीवर काढून दाखवलं. कुंचल्याची रेष आधी छान आली आणि बघता बघता ठिकठिकाणी गोळा होऊन तिचे मणी झाले.

“देवाचा डोळा असा मण्यांचा कसा चालंल?” काकू म्हणाल्या. “म्हणून तार मोडून घ्यायची. आमची सासू हेच बघायची. रंग किती जाड ते नाय बघायची.”

मी वर आलो आणि वही उघडली. इतक्या दिवसांत मी गमाचा दाटपणा सतरा वेळा मोजला होता. तार एकदाही बघितली नव्हती. ती मोजता येते असंच मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनीच भेंडी चिरून पाण्यात भिजत घातली. भेंडीचं पाणी जवळजवळ पाण्यासारखं पातळ, पण तार अशी की बोट उचललं की सगळी वाटी मागे येते. मी एका डब्याला बारीक भोक पाडलं. भेंडीचं पाणी त्यातून गळायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ लागेल इतपत काकवीत पाणी मिसळलं. म्हणजे दोन्ही द्रव दाटपणाला सारखे. फरक फक्त तारेचा. मग एका लाटण्याने काकवी, दुसऱ्याने भेंडी, आणि काकू भिंतीला टेकून बघत. हळू लाटलं तेव्हा काकवीचा थर आरशासारखा राहिला. तितक्याच हळू लाटलेल्या भेंडीच्या थरावर कंगव्याचे दात उमटले. मी पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच.

त्या आठवड्यात मी माझ्या कॉलेजच्या सरांना सात पानी पत्र लिहिलं. त्यात आकृत्या होत्या, ‘एक नवे निरीक्षण’ असा मथळा होता, आणि हे शोधनिबंध म्हणून कुठे पाठवावं असा सल्लाही विचारला होता. उत्तर आलं ते अंतर्देशीय पत्रावर, आणि तेही अर्धं कोरं. सरांनी लिहिलं होतं: निरीक्षण बरोबर आहे, हा शोध यापूर्वी लागलेला आहे, आणि तुमच्याजवळ जे जाड पुस्तक आहे त्याचं शेवटचं प्रकरण याच विषयावर आहे.

शेवटचं प्रकरण अभ्यासक्रमात नव्हतं. पुस्तक चार वर्षं माझ्या बगलेत होतं, पण ती पानं मी उलटलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी एसटीत पहिल्यांदाच मी ते पुस्तक मांडीवर ठेवायच्या ऐवजी उघडलं. लांब साखळ्यांचे रेणू द्रवात शेवयांसारखे गुंडाळलेले असतात. रोलरच्या फटीतून जाताना ते ताणले जातात आणि रबरासारखे परत आखडायला बघतात. त्या ओढीने द्रवाची आणि हवेची सीमा लवकर मोडते, साध्या द्रवात जिथे मोडली नसती अशा वेगालाही मोडते. इथपर्यंत काकूंनी मला शिकवलंच होतं. मग पुढच्या पानावर दोन गोष्टी होत्या. अशा द्रवात दांडा फिरवला तर द्रव दांड्यावर चढतो. आणि असा द्रव बराच वेळ जोरात ढवळला तर साखळ्या तुटून आखूड होतात आणि त्याचा लवचिकपणा जातो.

हे मी वाचलं तेव्हा बस नागोठण्याच्या स्टँडवर उभी होती. मला आठवतं, कंडक्टरने मला विचारलं, “काय झालं, उतरायचंय का?” कारण मी उभा राहिलो होतो.

म्हणजे रेषा आल्या नव्हत्या. मी आणल्या होत्या. चार तासांची ती ‘फुकट’ मोटार गम ढवळत नव्हती, त्याची तार मोडत होती. ती बंद करून मी तार शाबूत ठेवली आणि मग तिच्यावर उपाय म्हणून गमात आणखी तार ओतली.

रोह्याला पोचल्यावर मी सरळ गमाच्या खोलीत गेलो. मामा तिथेच होते. मी विचारलं, “मामा, गम दांड्यावर चढतो तेव्हा काय समजायचं?” मामा असं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

त्यांनी हात पुसले. “चढलेला हाय तवर त्याच्यात मस्ती हाय. घोटत राहायचं. दांड्यावरनं उतरला, वर सपाट झाला, की मस्ती गेली. मग मशीनला घालायचा. मस्तीवाला गम घातला की रेषा पाडतो.”

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“मशीन आलं तवापासून. पयले दोन महिने आमीबी रेषाच पाडल्या.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं की दोनदा. तुमी वहीत लिवलंत. मला वाटलं, लिवून घेतलं म्हणजे कळलं असंल.”

यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, “मी लिहिलं होतं की दांडा वाकडा आहे.” मामा इतके हसले की त्यांना टाकीच्या कठड्याला धरावं लागलं. मीही हसलो. काय करणार.

शुक्रवारी शेठ माझ्या टेबलापाशी आले. त्यांना सांगायची वाक्यं मी बसमध्ये घोकून ठेवली होती आणि ती सगळी अशी रचली होती की त्यात माणूस कुठे दिसू नये.

“ढवळण्याचा कालावधी मध्यंतरी कमी झाला होता,” मी म्हणालो. “त्यामुळे गमात लवचिकता राहिली आणि—”

“कमी झाला म्हणजे? कोणी केला?”

मी थोडा वेळ टेबलावरच्या त्या टेपच्या लाडवाकडे बघितलं. “मी केला.”

“आणि ती चाचणी? ती पावडर?”

“तीही मीच. त्याने जास्तच बिघडलं.”

शेठनी मामांना बोलावून घेतलं. “तुला माहीत होतं, चार तास घोटावं लागतं ते?”

मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार, दोनदा सांगितलं होतं, वहीत लिहिलं, सगळं. मामांनी टोपी काढून हातात घेतली. “घोटत होतो खरा, शेठ. पण कशापायी घोटतो ते मलाबी आता साहेबांनी सांगितलं तवा कळलं.”

हे धडधडीत खोटं होतं, आणि मी ते खोडून काढलं नाही. पुढे कित्येक दिवस मला त्याची टोचणी लागली होती. एकदा खांबला त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. मामींनी वालाचं बिरडं आणि भात वाढला होता. तिथे मी विषय काढला, शेठना खरं का नाही सांगितलं? मामा म्हणाले, “खरं सांगून काय झालं असतं? तुमाला काढलं असतं. मग दुसरा आला असता. त्याला पुन्यांदा सगळं पयल्यापासून शिकवायचं कोनी?” मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना बहुधा माझ्याबद्दल आधीच सगळं माहीत होतं.

शेठनी मला ठेवलं. तार मोडायला दांड्याला आणखी एक पातं लावायचं मी आणि मामांनी ठरवलं आणि चार तासांत गम पूर्ण उतरायला लागला. मशीन जुन्या वेगाला आलं, पुढे थोडं जास्तही. मसालेवालं गिऱ्हाईक परत आलं, पण चाचणी बघायला ते पुन्हा कधी आलं नाही. आमंत्रण दिलं होतं. मी तिथे सहा वर्षं राहिलो आणि त्या सहा वर्षांत मला पगारवाढीपेक्षा जास्त अभिमान एका गोष्टीचा वाटला, की कँटीनमध्ये माझं वाक्य मलाच ऐकवलं जायचं आणि मला राग यायचा नाही. पहिलं वर्ष यायचा.

गणपतीच्या आधी काकूंचं काम वाढलं तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला रंग घोटायला बसवलं. मी तासभर घोटला आणि मोठ्या विश्वासाने काठी उचलून दाखवली. तार नव्हती. काकूंनी कुंचल्याने एक रेष ओढली, बघितली आणि म्हणाल्या, “तार गेली खरी, पण आता इतका पातळ झालाय की गणपतीबाप्पा रडल्यासारखे दिसतील. जा, वर जाऊन लाट.” तेव्हा मला हेही कळलं की तार मोडण्यालाही एक अंत असतो, आणि तो कुठे आहे हे घोटणाऱ्या हातालाच माहीत असतं.

गम कसा बनवायचा ते कागदावर असावं, असं शेठना वाटत होतं, म्हणजे मामा रजेवर असले तरी अडू नये. मी ते मराठीत लिहिलं. इंग्रजी लिहायचा मोह झाला होता, तो आवरला. पाणी किती, स्टार्च किती, पावडर किती, आणि खाली: ‘चार तास घोटावे. गम दांड्यावरून उतरून वर सपाट झाला की तयार समजावा.’ शेठनी विचारलं, ‘सपाट’ म्हणजे किती, आकडा घाल. मी सांगितलं, आकडा नाही, बघावं लागतं. कागदाच्या तळाशी मी माझी सही केली आणि मामांना करायला सांगितली. सहीचा कागद म्हटल्यावर ते मागे सरले; सही केली की काहीतरी अंगावर येतं असा त्यांचा अनुभव होता. मग मी माझी सही खोडली, वर त्यांच्यासाठी जागा सोडली आणि तिच्याखाली पुन्हा केली. त्यांनी खिशातून चष्मा काढून सगळा कागद सुरुवातीपासून वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. ‘चार तास’ पाशी थांबले.

“पावसात पावडर ओल धरते, साहेब,” मामा म्हणाले. “येळ लागतो. पावसाळ्यात पाच लिवा.”

मी पाच लिहिलं. मग त्यांनी सही केली.